आधी तुरट, मग जांभूळ: युरोपातल्या ड्राय रेड वाइन चाखायच्या आणि जोखायच्या कशा

तासगावचे आमचे मामा गेल्या सप्टेंबरात महिनाभर फ्रँकफुर्टला आमच्याकडे होते. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. एका रविवारी त्यांना जवळच्या ऱ्हाइनगाउच्या मळ्यांत नेलं. तिथल्या काळ्या द्राक्षाचा घड तळहातावर घेऊन म्हणाले, "एवढासा मणी? जीएत बुडवत नाहीत का रे हे लोक?" तासगावात थॉमसन जातीच्या द्राक्षांचे घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाच्या, द्रावणात बुडवून मणी फुगवतात. इथे मणी जितका बारीक तितका मळेवाला खूश. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बीतून. गर बहुतेक जातींत पांढराच असतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. मामांनी एक मणी दाताखाली फोडला, बी चावली आणि तोंड वाकडं केलं. "सुपारीच आहे की ही!"

पुढच्या शनिवारी आमच्या घरी सहा वाइनची चाखणी होती, तिला मामांनाही बसवलं. वाइन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात घेतली, आणि त्या संध्याकाळी टिपणांचा सगळ्यांत भरवशाचा कागद त्यांचाच निघाला. तो का, ते पुढे येईलच.

वाइनबद्दल बोलणारे बहुतेक लोक वासांच्या नावांपासून सुरुवात करतात. कुणाला चेरी येते, कुणाला देवदार. नवशिक्याला काहीच येत नाही आणि तो गप्प होतो. माझ्या मते आधी जिभेवर आणि हिरड्यांवर काय होतं ते मोजायला शिकावं: आंबट किती, तुरट किती, घशात ऊब किती, तोंडात किती दाट लागते, चव किती वेळ टिकते. ही पाच मापं दोन माणसांची बरीचशी जुळतात. वासांची नावं क्वचितच जुळतात. आणि तुरटासाठी आपल्याकडे आवळ्याइतका जुना शब्द आहे. सहा रसांच्या यादीत त्याला कषाय म्हणून स्वतंत्र जागाच आहे.

बाटल्या निवडताना

एका बैठकीला सहा पुरेत. पहिल्यांदा चाखणार असाल तर एकमेकींपासून लांबच्या घ्या. आम्ही घेतलेला संच मी कुणालाही सुचवेन. फ्रान्सच्या बोजोलेतली मोर्गों, इटलीची कियांती क्लासिको, स्पेनची रिओखा रेझेर्व्हा, फ्रान्सच्याच उत्तर रोन खोऱ्यातली क्रोझ-एर्मिताज, तिथल्याच बोर्दोची ओ-मेदोक, आणि शेवटी इटलीच्या पिएमोंतेतली नेब्बियोलो द्राक्षाची बाटली. नेब्बियोलोची मोठी वाइन म्हणजे बारोलो, पण ती महाग पडते. लेबलवर 'लांगे नेब्बियोलो' लिहिलेली त्याच टेकड्यांवरची धाकटी बहीण शिकायला पुरते.

ड्राय म्हणजे काय, हे दुकानातच नीट लक्षात घ्या. युरोपीय नियमानुसार लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत असेल तर वाइन ड्राय. म्हणजे अख्ख्या लिटरात चहाचा एक लहान चमचा. आम्लता पुरेशी असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. लेबलवर फ्रेंचमध्ये सेक, इटालियनमध्ये सेक्को, स्पॅनिशमध्ये सेको, जर्मनमध्ये ट्रोकन असतं. बहुतेक रेडवर काहीच लिहिलेलं नसतं, कारण त्या ड्रायच असतात. जर्मन दुकानात मात्र 'लिब्लिश' दिसलं की ती गोड आणि 'हाल्बट्रोकन' म्हणजे निमगोड. मी पहिल्या वर्षी अशी एक बाटली आणून पाहुण्यांना मोठ्या ऐटीत 'ड्राय' म्हणून पाजली होती.

आणखी एक घोटाळा. वाइन ड्राय असणं आणि तोंड कोरडं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा संबंध साखरेशी, दुसरीचा तुरटपणाशी.

आदल्या दिवशी चहाचा सराव

ही पायरी कुणी करत नाही, आणि फायदा सगळ्यांत जास्त हिचाच होतो. बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा करा आणि पत्ती पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. कोमट झाल्यावर घोट घेऊन तोंडभर फिरवा. हिरड्या आखडतात, जीभ टाळूला चिकटते. तो टॅनिनचा तुरटपणा. टॅनिन म्हणजे चहात आणि द्राक्षाच्या साली-बियांत असणारं तुरट द्रव्य. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे तोंडाचं वंगणच निघून जातं. जिभेच्या मागे जे रेंगाळतं ते कडू. तुरट आणि कडू वेगळे ओळखता आले की पुढचं काम निम्मं होतं.

दुसऱ्या कपात नुसतं पाणी आणि लिंबू. आता उलटं होतं, तोंडाला पाणी सुटतं. तिसऱ्या कपात तोच कडक चहा, त्यात थोडं लिंबू. चहा जास्तच खरखरीत लागेल. मग त्यात चिमूट चिमूट साखर घालत जा, एका टप्प्यावर तिघंही भांडायचे थांबतात. तो टप्पा म्हणजे तोल. वाइनमध्ये साखर जवळपास नसते, तिचं काम तिथे फळाचा गाभा आणि अल्कोहोल करतात.

मांडणी

बाटली झाकायलाच हवी. २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना झाकलेल्या वाइन दिल्या, तेव्हा रेडमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची १९७३ची स्टॅग्ज लीप. बोर्दोची मूतों-रॉथचाइल्ड तिच्या मागे पडली. लेबल दिसत असतं तर हे झालं नसतं, यावर मी पैज लावेन.

वर्तमानपत्रात गुंडाळणं पुरत नाही. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात, रोन आणि बोजोलेची बाटली उतरत्या खांद्याची असते, आणि जाणकाराला कागदातूनही ते कळतं. आमच्याकडे बायको त्या दिवशी चाखणार नव्हती, म्हणून तिने स्वयंपाकघरातच ओतून फक्त आकडा लावलेले ग्लास बाहेर पाठवले. असा एक माणूस मिळाला तर उत्तम.

त्याला एक गुपित काम द्या: सहापैकी कोणतीही एक वाइन सातव्या क्रमांकावर पुन्हा पाठवायची, कुणाला न सांगता.

ग्लास ट्यूलिपसारखे, वर निमुळते होणारे हवेत. माणशी दोन पुरतात. एका वेळी ५० मिलि ओता. ७५० मिलिच्या बाटलीतून असे पंधरा वाटे होतात, म्हणजे सहाजणांना दोनदा देऊनही उरते. तापमान १६ ते १८ अंश, बोजोले १३-१४. रूम टेंपरेचर हा शब्द युरोपातल्या जुन्या थंड घरांतून आला आहे, पुण्यातल्या एप्रिलमधून नाही. खोली ३० अंशांवर असेल तर बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवा. गरम रेडमध्ये आधी अल्कोहोल नाकात जातं, थंडगार रेडमध्ये तुरटपणा टोचतो.

खायला साधा पाव आणि पाणी, एवढंच. चीज नको. त्यातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला पकडतात आणि सामान्य वाइनही लोण्यासारखी वाटते. चीजसोबत वाइन चाखवणारा दुकानदार धंद्यात हुशार आहे, एवढंच समजा. त्या संध्याकाळी अत्तर आणि गजराही नको.

आणि पिकदाणी. थुंकायची लाज वाटत असेल तर हिशोब करा: सात ग्लास गिळले तर माणशी ३५० मिलि, जवळपास अर्धी बाटली. चौथ्यानंतर सगळ्याच वाइन छान लागतात. मामांना हे शिकवावं लागलं नाही. पानाची जुनी सवय, दोन फुटांवरच्या स्टीलच्या डब्यात इतकी नेमकी पिचकारी की आमचे जर्मन शेजारी बघतच राहिले.

आता ग्लास हातात घ्या

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा आणि मध्यापेक्षा कडेचा रंग बघा. जांभळट कड म्हणजे तरुण, लालबुंद म्हणजे मधल्या वयाची, विटकरी किंवा तपकिरी म्हणजे वय झालेली किंवा हवा लागलेली. काचेवरून ओघळणाऱ्या रेषांवरून दर्जा सांगणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे असतात. गडद म्हणजे दमदार, हेही खरं नाही. नेब्बियोलो फिक्या माणकासारखी दिसते आणि तोंडात गेल्यावर हिरड्या सोलून काढते.

रंगावर दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका, कारण तो फसवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं.

वास घेताना पहिली हुंगणी ग्लास न हलवता घ्या. ती दोष शोधण्यासाठी. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर बुचाचा दोष. वाइन हवेत ठेवून तो जात नाही, उलट वाढतो. बाटली बाजूला ठेवा आणि दुकानात परत करा. नेलपॉलिश किंवा शिरक्याचा वास म्हणजे आंबण्याची पुढची पायरी झाली आहे. काडी ओढल्याचा किंवा सडक्या अंड्याचा वास बऱ्याचदा ग्लास जोरात फिरवल्यावर उडून जातो, म्हणून लगेच निकाल देऊ नका. गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास येतो तो ब्रेट्टानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे. त्यावर रोनच्या टेबलावर आजही वाद होतात. चिमूटभर असेल तर मला चालतो, फळ झाकून टाकत असेल तर नाही.

मग ग्लास फिरवा आणि स्वतःला एवढंच विचारा: हा वास फळाचा आहे, वाइन मुरलेल्या लाकडी पिंपाचा आहे की वयाचा? लवंग, व्हॅनिला, नारळ, भाजल्याचा वास पिंपातून येतात. कातडं, सुका पालापाचोळा, अळंबी, तंबाखू वयातून. फळांना मात्र आपलीच नावं द्या. ज्या ब्लॅककरंटची चव तुम्ही लहानपणी कधी घेतली नाही ते नाव उसनं कशाला घ्यायचं? जांभूळ, करवंद, बोर, आमसूल, गुलकंद, पहिल्या पावसाची माती. नाकाला आठवण लागते, आणि आठवणी आपल्याच असतात.

तोंडात: इथे वेळ द्या

लहान घोट घ्या, दहा सेकंद फिरवा, ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढा, थुंका. मग पहिली चार मापं; पाचवं, चवीची लांबी, गुण देताना.

आंबट: थुंकल्यावर तोंड किंचित उघडून मान खाली करा. लाळ किती वेगाने जमते, तेवढी आम्लता. जिभेवर आंबटाची एक ठरावीक जागा असते, हा जुना नकाशा चुकीचा आहे. लाळ खोटं बोलत नाही.

तुरट: जीभ वरच्या पुढच्या हिरड्यांवरून फिरवा. किती तुरट हे लिहाच, पण पोतही लिहा. आम्ही पिठाचं माप वापरतो. मैदा, बारीक रवा, जाडा रवा, भरड. चांगल्या वाइनमध्ये तुरटपणा भरपूर असूनही पीठ बारीक असू शकतं. कच्च्या, न पिकलेल्या द्राक्षाची भरड हिरव्या केळीच्या सालीसारखी लागते.

ऊब: घशात किती गरम लागतं. १३ आणि १५ टक्क्यांतला फरक दोन-तीन महिन्यांत कळायला लागतो.

अंग: पाण्यासारखी, साय काढलेल्या दुधासारखी की म्हशीच्या दुधासारखी.

आता आमच्या सहा ग्लासांत काय सापडलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पडताळता येईल. मोर्गों गामे द्राक्षाची. बहुतेकदा अख्खे घड टाकीत घालून आंबवतात, म्हणून फळ ताजं आणि तुरटपणा मैद्यासारखा. (हेच गामे १३९५ साली फ्रान्समधल्या बर्गंडीच्या ड्यूकने आपल्या मुलखातून उपटायला लावलं होतं. ड्यूकसाहेबांनी मोर्गों बर्फाच्या बादलीत ठेवून प्यायला हवी होती.) कियांती क्लासिकोत संजोवेझे द्राक्ष किमान ८० टक्के. ओळख लाळेवरून पटते, चिंचेसारखा चटका, आंबट चेरी आणि शेवटी किंचित कडवटपणा. रिओखा रेझेर्व्हा म्हणजे किमान तीन वर्षं जुनी, त्यातलं किमान एक पिंपात. पारंपरिक घरं अमेरिकन ओक वापरतात, त्यामुळे खोबरं आणि व्हॅनिला. क्रोझ-एर्मिताज सिरा द्राक्षाची. ताजी कुटलेली काळी मिरी आली तर नवल नाही, कारण मिरीत असतं तेच रोटंडोन नावाचं द्रव्य या द्राक्षाच्या सालीत असतं. ओ-मेदोकमध्ये काबेर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो ही द्राक्षं एकत्र. जांभूळ, पेन्सिलीचा भुसा, थंड वर्षी हिरवी ढोबळी मिरची. तुरटपणा ताठ पण सरळ.

आणि नेब्बियोलो. तिच्या वासाचं ठरलेलं वर्णन म्हणजे डांबर आणि गुलाब. आपल्याला ते विचित्र वाटायचं कारण नाही, नव्या रस्त्याच्या कडेला गुलकंदाची बरणी उघडल्यासारखं समजा. तुरटपणा एवढा की बारोलोला विक्रीपूर्वी किमान ३८ महिने ठेवावं लागतं, त्यातले १८ लाकडात. मामांनी घोट थुंकला, हिरड्यांवर जीभ फिरवली आणि कागदावर लिहिलं, "जाडा रवा. भाजलेला."

गुण देताना

थुंकल्यावर सेकंद मोजा. फळाची चव किती वेळ राहते तेवढंच मोजायचं, नुसता कडूपणा किंवा ऊब धरायची नाही. फ्रेंच लोक यातल्या एका सेकंदाला 'कोदाली' म्हणतात. माझा ठोकताळा असा: पाचच्या आत आखूड, दहाच्या पुढे चांगली, वीसला मी बाटलीचं नाव लिहून ठेवतो.

शंभर गुणांच्या प्रसिद्ध अमेरिकन पद्धतीत मोजणी ५०पासून सुरू होते, त्यामुळे ८० मिळालेली वाइनही सामान्यच असते. घरी वीस बरे. आमची वाटणी अशी: रंग १, वास ५, तोल ५, लांबी ४, थरावर थर उलगडतात का त्याला ३, आणि आपल्या द्राक्षाच्या जातीला आणि गावाला शोभते का त्याला २. शेवटचे दोन गुण फक्त नाव उघड झाल्यावर द्यायचे. मोर्गोंकडून नेब्बियोलोचं वजन मागणं म्हणजे पोह्यांनी पोट भरलं नाही म्हणून रुसण्यासारखं आहे. तिला तिच्या भाऊबंदांतच तोला.

लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम कडक पाळा. आमच्यात एकाने "चॉकलेट!" म्हटलं की पुढच्या चार कागदांवर चॉकलेट उगवतं.

सातवा ग्लास

सगळं उघड झालं तेव्हा कळलं की सातवी वाइन म्हणजे दुसरीच, कियांती. मी दुसऱ्या ग्लासला १६ दिले होते आणि सातव्याला १२. शेरा: "पातळ, दम नाही." नेब्बियोलोनंतर माझ्या तोंडात काही उरलंच नव्हतं. मामांच्या कागदावर दोन्हीकडे एकच ओळ होती: "चिंच. बारीक रवा. मध्यम दूध. नऊ सेकंद." त्यांनी गुण दिलेच नव्हते, नुसती मापं लिहिली होती.

लाज वाटली, पण जोडीला मोठी माणसं आहेत. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन-स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिल्याचा अभ्यास रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने २००८ साली प्रसिद्ध केला. तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या कक्षेत ठेवणारे परीक्षक साधारण दहात एक होते. त्यामुळे हल्ली मी तिसऱ्या ग्लासनंतर दहा मिनिटांची सुट्टी देतो, नेब्बियोलोनंतर पाव आणि पाणी सक्तीचं, आणि शेवटी सगळ्या ग्लासांची उलट क्रमाने एक छोटी फेरी. दोन फेऱ्यांत तीनपेक्षा जास्त गुणांचा फरक आला तर त्या वाइनला मी गुण देत नाही, फक्त मापं ठेवतो.

उरलेल्या बाटल्यांना बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, काढून अर्ध्या तासाने, पुन्हा चाखा. कागद तोच, शाई वेगळी. आमच्याकडे मोर्गोंचं फळ रात्रीत उतरलं होतं, रिओखा होती तशीच होती. नेब्बियोलोचा घोट घेऊन मामा बराच वेळ हिरड्यांवर जीभ फिरवत बसले. मग कालच्या ओळीतला 'जाडा' खोडला आणि वर 'बारीक' लिहिलं.